नीतीचा फौजदार नको, नफ्याला जाब हवा

इंटरनेटवरील अश्लीलतेला सरकारने लगाम घातला पाहिजे, ही मागणी आता केवळ संस्कृतिरक्षकांच्या सभांपुरती राहिलेली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये एका विनोदी कार्यक्रमात यूट्यूबवरील एका प्रसिद्ध तरुणाने आईवडिलांच्या संबंधांविषयी ओंगळ प्रश्न विचारला. मुंबईपासून गुवाहाटीपर्यंत पोलीस हलले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि एका वात्रट वाक्याचे बोट धरून साऱ्या देशाच्या बोलण्याला कुंपण कसे घालावे, हा प्रश्न न्यायालयापुढे येऊन बसला. त्याच प्रकरणाच्या सुनावणीत नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने असे मत व्यक्त केले की, सामान्य माणसे स्वतः तयार करून प्रसृत करतात त्या मजकुरावरही लक्ष ठेवणारी स्वायत्त यंत्रणा हवी आणि केंद्र सरकारने मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा लोकांपुढे मांडावा. प्रेक्षकाचे वय पडताळण्यासाठी आधार क्रमांकाचा उपयोग करता येईल, अशीही सूचना उदाहरणादाखल पुढे आली. सरकारच्या दृष्टीने याहून सोयीची गोष्ट कोणती? जे अधिकार मागायला एखाद्या सरकारला संकोच वाटावा, ते न्यायालयानेच ताट वाढून पुढे ठेवले.

बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात या मागणीला जो पाठिंबा मिळतो तो ढोंगी नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले. २०२० च्या टाळेबंदीत शाळाच मोबाईलवर भरू लागली, आणि ज्या घरात कधी वर्तमानपत्र येत नव्हते त्या घरातील चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती साऱ्या जगाचा बरावाईट बाजार येऊन पडला. आई कापूस वेचायला गेलेली, बाप खामगावच्या किंवा मलकापूरच्या बाजार समितीत हमालीला. मुलाच्या मोबाईलवर काय चालले आहे हे पाहणार कोण? शहरातील सुशिक्षित पालक निदान यंत्राच्या कळा तरी जाणतो. येथे मुलालाच बापाला मोबाईल शिकवावा लागतो. अशा पालकाने सरकारकडे पाहून ‘काहीतरी करा’ म्हटले, तर त्याला प्रतिगामी म्हणून मोडीत काढणे हा पुरोगाम्यांचा उद्धटपणा होईल. समाजवादी कार्यकर्त्यांपैकीही अनेकांना ही मागणी आपलीच वाटते.

परंतु चिंता खरी असली म्हणून तिच्यावर सुचविलेला उपाय खरा ठरत नाही. ‘अश्लील’ हा शिक्का ज्यांच्या हाती असतो ते तो कोणावर उमटवतात, याचा महाराष्ट्राला दीडशे वर्षांचा अनुभव आहे. हा शिक्का लिहिणाऱ्यावर, बोलणाऱ्यावर, नाचणाऱ्यावर उमटला. त्या साऱ्या व्यवहारात ज्याने पैसा केला तो प्रत्येक वेळी पिंजऱ्याबाहेर राहिला. आज ज्या नियमनाची चर्चा चालली आहे ते या जुन्याच रीतीने चालणार असेल, तर समाजवाद्यांनी त्याला विरोध केला पाहिजे. आणि हा विरोध करताना कंपन्यांच्या स्वातंत्र्याची तळी उचलण्याचेही त्यांना कारण नाही.

या अनुभवाची पहिली साक्ष खुद्द बुलढाण्याची आहे. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका ब्राह्मण विधवेला, बदनामीच्या भयाने स्वतःच्या मुलाचा जीव घेतल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती कमी झाली. या खटल्याचे निमित्त करून ‘पुणेवैभव’सारख्या सनातनी पत्राने स्त्रियांच्या नीतीवर तोंडसुख घेतले. त्याला उत्तर दिले ते बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत कारकून असलेल्या सत्यशोधक बापूजी हरी शिंदे यांच्या मुलीने. ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ मध्ये पुण्यात छापली गेली. जे दुर्गुण स्त्रीच्या माथी मारले जातात ते पुरुषात नाहीत काय, असा तिचा रोकडा सवाल होता. आणि तो विचारताना तिने नाटके-कादंबऱ्यांतून रंगविलेल्या स्त्रियांचा, पुराणांतल्या देवांचा, घरातल्या नवऱ्यांचा कोणाचाच मुलाहिजा ठेवला नाही. भाषा झणझणीत, प्रसंगी शिवराळ. प्रतिष्ठितांना ती सोसली नाही. सत्यशोधकांच्या वर्तुळातूनही टीका झाली, तेव्हा जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात तिची बाजू घेतली. तरीही ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही, आणि हे पहिलेसुद्धा स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा प्रसिद्ध करीपर्यंत विस्मृतीत पडून होते. आज मेहकरची किंवा देऊळगाव राजाची एखादी मुलगी याच भाषेत मोबाईलपुढे उभी राहून बोलली, तर सभ्यतेची मोजपट्टी घेऊन बसलेला अधिकारी तिचे बोलणे किती तास टिकू देईल?

ताराबाईंवर खटला झाला नाही. पुढच्या पिढीत तोही झाला. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले. संततिनियमन आणि लैंगिक आरोग्य यांविषयी जे कोणी बोलत नव्हते ते हा गणिताचा प्राध्यापक शांतपणे लिहीत होता. १९३१ मध्ये त्यांना दंड झाला. १९३४ मध्ये पुन्हा खटला झाला तो वाचकांच्या शंकांना दिलेल्या उत्तरांबद्दल. त्यांची वकिली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केली, आणि तरीही खटला हरला. याच मुंबईत कामोत्तेजक औषधांच्या जाहिराती वर्तमानपत्रांतून खुशाल छापल्या जात होत्या. दंड मात्र, शरीर कसे चालते हे सांगणाऱ्याला. स्वातंत्र्यानंतर चित्र बदलेल अशी अपेक्षा होती. ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ या कादंबरीबद्दल लंडनमध्ये १९६० साली बलाढ्य प्रकाशन संस्था निर्दोष सुटली. मुंबईत त्याच पुस्तकाची प्रत विकणारा दुकानदार दोषी ठरला आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये ते कायम केले. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही लघुकादंबरी ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली. कनिष्ठ न्यायालयाने सोडले, उच्च न्यायालयाने २५ रुपये दंड करून अंक नष्ट करायला सांगितले, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये तो निर्णय रद्द केला. पंचवीस रुपयांच्या अपराधासाठी सात वर्षे! लेखक शेवटी सुटला खरा; परंतु सात वर्षांची टांगती तलवार हीच शिक्षा असते, हे कोर्टाची पायरी चढलेल्या प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक आहे.

कामगार चळवळीत वाढलेल्यांनी आणखी एक प्रकरण विसरता कामा नये. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या एका संघटनेने आपल्या सभासदांसाठीच्या पत्रिकेत छापली. बाजारात विकायला ठेवलेले हे काही चावट मासिक नव्हते. तरीही अश्लीलतेचा खटला उभा राहिला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचायला २०१५ साल उजाडले. एकवीस वर्षांनी न्यायालयाने पत्रिकेच्या संबंधित प्रकाशकाला मुक्त केले ते त्याने पूर्वीच माफी मागितली होती म्हणून. कवीला मात्र खटल्याला तोंड द्यावे असे सांगितले. थोर पुरुषाचे नाव घेऊन लिहिले असेल तर अश्लीलतेची कसोटी अधिक कडक होते, असा या निर्णयाचा आशय आहे. ज्या देशात जवळजवळ प्रत्येक थोर पुरुषाच्या नावाने एक सेना किंवा ब्रिगेड उभी आहे, त्या देशात या कसोटीचा उपयोग कोण करील हे सांगायला ज्योतिषी नको.

हा झाला छापील मजकुराचा इतिहास. यंत्र बदलले म्हणून कायद्याची वृत्ती बदलली काय? १८६० च्या दंडसंहितेचे २९२ वे कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे २९४ वे कलम झाले. इलेक्ट्रॉनिक मजकुराची भर पडली, बाकी सांगाडा तोच. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ व्या कलमाने त्याच शब्दांना अधिक मोठी शिक्षा जोडली. १८६८ ची विलायती कसोटी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बाजूला सारली आणि समकालीन समाजाचे मापदंड लावा असे सांगितले. ते योग्यच होते. परंतु हा समाज म्हणजे कोण? व्यवहारात तो न्यायालयात पोहोचण्याआधी तक्रार लिहून घेणाऱ्या फौजदाराच्या आणि ठाण्यासमोर जमाव घेऊन आलेल्या पुढाऱ्याच्या रूपाने प्रकट होतो. पालघरच्या दोन मुलींनी तो नोव्हेंबर २०१२ मध्ये पाहिला. शिवसेनाप्रमुखांच्या निधनानंतरच्या बंदविषयी एकीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या पसंत केल्या, आणि दोघींना अटक झाली. ज्या ‘६६ अ’ कलमाचा तेथे आधार घेतला त्यात ‘अत्यंत आक्षेपार्ह’ असे घोंगड्यासारखे शब्द होते, कोणावरही टाकावेत. मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. मेलेल्या कलमाखाली पोलीस त्यानंतरही गुन्हे नोंदवीत राहिले, आणि २०२१ मध्ये न्यायालयाला त्याबद्दल आश्चर्य व्यक्त करावे लागले. ‘अश्लील’ आणि ‘असभ्य’ हे शब्द ‘आक्षेपार्ह’ या शब्दाचे सख्खे भाऊ आहेत.

शिवाय, मजकूर बंद करण्याचे मार्ग किती वाढले आहेत ते पाहावे. ६९ अ कलमाखालील बंदीच्या आदेशांना २००९ च्या नियमांनी गुप्ततेचे कवच दिले आहे. आपले लिखाण का गेले हे लिहिणाऱ्याला कळेलच असे नाही. त्यापलीकडे ‘सहयोग’ नावाच्या यंत्रणेतून केंद्राच्या आणि राज्यांच्या अधिकाऱ्यांना कंपन्यांकडे थेट सूचना धाडता येऊ लागल्या. कर्नाटक उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये ही यंत्रणा वैध ठरवली. त्यानंतर सूचना काढण्याचे अधिकार वरिष्ठ अधिकाऱ्यांपुरते मर्यादित करण्यात आले, एवढाच काय तो दिलासा. बातमीदारी आणि टीका यांवरचे सरकारी नियम मुंबई उच्च न्यायालयाने दोनदा अडवले. ऑगस्ट २०२१ मध्ये आचारसंहितेच्या नियमांना स्थगिती दिली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारविषयीची बातमी खरी की खोटी हे सरकारनेच ठरवण्याची तरतूद रद्द केली. समोरच्या दाराने जे आत येऊ शकले नाही, ते आता नीतीच्या मागल्या दाराने येऊ पाहत आहे. राजकीय टीकेवर बंदी घाला असे म्हटले तर लोक चिडतात. मुलाबाळांच्या संस्कारांसाठी यंत्रणा उभी करा म्हटले की तेच लोक टाळ्या वाजवतात. आणि यंत्रणा एकदा उभी राहिली की तिला दोन्ही कामे येतात.

नीतीच्या या उत्साहाला वर्गीय रंग असतो, हे सांगण्यासाठी महाराष्ट्राला दूर जायला नको. २००५ मध्ये राज्य सरकारने बारमधील नृत्यावर बंदी घातली, आणि त्याच कायद्यात तीन व त्याहून अधिक तारांच्या हॉटेलांना सवलत ठेवली. जी गोष्ट गिरगाव-पनवेलच्या बारमध्ये समाज बिघडवते ती पंचतारांकित हॉटेलात पाहुणचार होते! उच्च न्यायालयाने २००६ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही विषमता मान्य केली नाही. तोपर्यंत हजारो बायांचा रोजगार गेला होता. बारमालकांपैकी किती जण उपाशी राहिले याची कोणी मोजदाद केलेली नाही. अलीकडची गोष्ट घ्यावी. खानदेशातून आलेल्या एका लोकप्रिय नर्तकीच्या हावभावांवरून सगळा महाराष्ट्र खवळला आणि तिला माफी मागावी लागली. फेब्रुवारी २०२३ मध्ये कपडे बदलत असताना तिचेच चोरून चित्रण करून ते राज्यभर फिरविले गेले. तिचे नाव सर्वांना ठाऊक आहे. येथे ते लिहिण्याचे कारण नाही. पहिल्या प्रकरणात तिने स्वेच्छेने, रंगमंचावर, आपल्या पोटासाठी नाच केला होता. दुसऱ्यात तिच्यावर गुन्हा घडला होता. ते चित्रण आपल्या मोबाईलवरून पुढे धाडणाऱ्यांत पहिल्या वेळी संस्कृतीच्या नावाने रडणारे किती होते?

येथेच या वादातील मूळ घोटाळा आहे. अश्लीलता आणि अत्याचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रौढ माणसाने स्वतःच्या इच्छेने काही दाखवावे व दुसऱ्या प्रौढाने ते पाहावे, यात अभिरुचीचा प्रश्न असेल, पोलिसांचा नाही. एखाद्या मुलीचे चित्र तिच्या संमतीवाचून प्रसृत होणे, तिचा चेहरा यंत्राच्या साहाय्याने परक्या नग्न देहावर चिकटवणे, लहान मुलांचे लैंगिक शोषण चित्रित करणे, हे सरळ सरळ गुन्हे आहेत. बालकांविषयी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये हा भेद नेमका ओळखला: असे चित्रण जवळ बाळगणेही गुन्हा ठरवले, आणि त्याला ‘पोर्नोग्राफी’ म्हणू नका, शोषण म्हणा, असे सांगितले. सरकारी नियमनाची भाषा या दोन गोष्टींची खिचडी करते. पहिलीवर तुटून पडते, कारण तेथे टाळ्या मिळतात. दुसरीच्या कामाला माणसे, पैसा आणि चिकाटी लागते.

दुसरीचे काय चालले आहे ते जिल्ह्याच्या पातळीवर पाहावे. कायद्याची कमतरता नाही. खाजगी अंगाचे चोरून चित्रण करणे ६६ ई कलमाखाली गुन्हा आहे. लैंगिक कृत्याचे चित्रण प्रसृत करणाऱ्याला ६७ अ खाली पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे अशा चित्राबद्दल पीडितेने तक्रार केली, तर कंपनीने ते २४ तासांत काढायचे होते; २०२६ मध्ये ही मुदत दोन तासांवर आणली गेली. चेहरा बदललेल्या बनावट चित्रालाही हे लागू आहे. पण याच कायद्याचे ७८ वे कलम सांगते की, तपास पोलीस निरीक्षकाहून कनिष्ठ अधिकाऱ्याने करता कामा नये. ग्रामीण भागातील अनेक ठाण्यांचे प्रमुख मुळात सहायक पोलीस निरीक्षकच असतात. म्हणजे संग्रामपूर किंवा मोताळा तालुक्यातल्या खेड्यातील मुलगी धीर करून ठाण्यात आली, तरी तिचे प्रकरण तपासासाठी दुसरीकडे जाणार. मोबाईल तपासणीसाठी जिल्ह्याबाहेरच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पडून राहणार. आणि या दोन तासांच्या नियमाची तक्रार कोठे व कोणत्या भाषेत करायची हे ठाण्यातही कोणाला ठाऊक असेलच असे नाही. इतक्या वेळात ते चित्र गावभर फिरते. मग घरचे लोक जो निर्णय करतात तो सर्वांच्या परिचयाचा आहे. मुलीचा मोबाईल काढून घेतला जातो, शाळा सुटते, स्थळे पाहायला सुरुवात होते. या मुलीसाठी नवे अश्लीलता-मंडळ काय करणार आहे? ते दिल्लीत बसून विनोदवीरांच्या संहिता वाचील.

आता पिंजऱ्याबाहेर राहिलेल्याकडे वळावे. समाजमाध्यमांच्या कंपन्या आपल्याला केवळ टपालवाले म्हणवून घेतात: पत्रात काय आहे याला टपालवाला जबाबदार नाही. २००४ मध्ये एका संकेतस्थळावर दोन शाळकरी मुलांची चित्रफीत विकायला आली म्हणून त्याच्या प्रमुखाला अटक झाली. त्यानंतर २००८ च्या दुरुस्तीने कंपन्यांना ७९ व्या कलमाचे संरक्षण अधिक भक्कम करून मिळाले. टपालवाल्याची उपमा तेव्हाही लंगडी होती, आज ती थोतांड आहे. टपालवाला न मागितलेली पत्रे दारात टाकत नाही, आणि एक पत्र वाचताना माणूस किती वेळ रेंगाळला हे मोजून त्याहून चटकदार दुसरे पत्र पुढे सरकवत नाही. या कंपन्यांचा माल चित्रफीत नाही. पाहणाऱ्याचा वेळ हा त्यांचा माल आहे आणि जाहिरातदार हे त्यांचे गिऱ्हाईक. वेळ वाढवणारा मजकूर वर येतो, मग तो द्वेषाचा असो की देहाचा. तो वर आणण्याचा कंपनीचा खर्च जवळजवळ शून्य. त्याची किंमत मात्र कोणीतरी मोजतेच: शाळा सुटलेली मुलगी मोजते, रात्र रात्र जागणारा मुलगा मोजतो, आणि ती कंपनीच्या ताळेबंदात कोठेच दिसत नाही. अर्थशास्त्रात याला समाजावर ढकललेला खर्च म्हणतात. नदीत मळी सोडणाऱ्या कारखान्याचा हिशेब याहून निराळा नसतो. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही तेव्हा शेतकऱ्याच्या नीतिमत्तेची चौकशी कोणी केली नाही. बियाणे कोणाचे, हे विचारले. येथे मात्र पीक का बिघडले याची चर्चा होते आणि बियाण्याच्या पिशवीवरचे नाव कोणी वाचत नाही.

सरकारचा कंपन्यांविषयीचा हळुवारपणा तारखांतून दिसतो. माहिती व नभोवाणी मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये १८ आणि जुलै २०२५ मध्ये सुमारे २५ ओटीटी मंचांना टाळे लावले. बहुतेक दुय्यम दर्जाची, सवंग दुकाने. ज्यांच्या मंचांवरून त्यांची झलक दाखवून गिऱ्हाईक गोळा केले जाते त्या मोठ्यांना कोणी हात लावला नाही. २०१५ मध्ये ८५७ संकेतस्थळे एका फटक्यात बंद केली गेली आणि ओरड होताच काही दिवसांत सरकारने माघार घेतली; २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ८२७ पुन्हा बंद झाली. पळवाटा पोरांना पहिल्याच आठवड्यात सापडल्या. याउलट, मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवण्यास मनाई करणारी तरतूद २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात आहे. तिचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि कंपन्यांना तयारीसाठी आणखी दीड वर्षाची मुदत मिळाली. विनोदवीराला दीड दिवसाचीही मुदत मिळत नाही.

आधारच्या सूचनेविषयी एवढे सांगणे पुरे की, कोणी काय पाहिले याची नोंद एकदा त्याच्या ओळखक्रमांकाशी जोडली गेली, की ती कंपनीच्या आणि सरकारच्या हाती राहणार. आणि याच २०२३ च्या कायद्याने सरकारी यंत्रणांना त्यातून सूट देण्याचा अधिकार सरकारकडे ठेवला आहे. मुलांच्या रक्षणासाठी प्रौढांची हजेरी घेण्याचा हा प्रकार आहे. घरात एकच मोबाईल आणि तो बापाच्या नावावर, अशी स्थिती असलेल्या खेड्यात त्याने मुलाचे रक्षणही होणार नाही.

काही जुने कार्यकर्ते येथे १९८० च्या दशकाची आठवण देतील. त्या काळी स्त्री-संघटनांनी चित्रपटांच्या भित्तिपत्रकांना काळे फासले होते आणि स्त्रियांचे असभ्य चित्रण रोखणारा कायदा १९८६ मध्ये झाला तो अशाच दडपणातून. मग आज विरोध का? आठवण रास्त आहे. तिचा अर्थ मात्र नीट लावला पाहिजे. त्या बायांचे भांडण नग्नतेशी नव्हते, स्त्रीला माल म्हणून विकणाऱ्या धंद्याशी होते. कायद्याने त्यांचा राग घेतला आणि शब्द मात्र ‘असभ्य’ हाच ठेवला. परिणामी तो धंदेवाल्यांना दोन हजार रुपयांच्या दंडाची भीती घालत कपाटात पडून राहिला. उलट बाजूला ज्या उदारमतवाद्यांचे म्हणणे असे की, ज्याला पाहायचे नसेल त्याने पाहू नये, त्यांना विचारावे की, जिचे चित्र तिला न विचारता फिरते आहे तिने काय करावे? बाजार मोकळा सोडला की माणूस मोकळा होतो, हा भ्रम त्यांनी कापसाच्या बाजारात येऊन तपासावा.

समाज स्वतः काही करू शकतो काय? सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला आणि दीड तास घरोघरचे दूरदर्शन संच व मोबाईल बंद राहू लागले. मुले अभ्यासाला बसली, मोठी माणसे एकमेकांशी बोलू लागली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी ग्रामसभेने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईल बंदीच केली. पहिल्या गावाने मोठ्यांनाही नियम लावला म्हणून त्याचे कौतुक. दुसऱ्याचा हेतू चांगला असला तरी अशा बंदीचा भार मुलींवर अधिक पडतो आणि अभ्यासाचा दरवाजाही तीच लावून घेते. बुलढाण्यातील ग्रामसभांनी निवड करायची तर भोंग्याची करावी.

पक्षाने केंद्राच्या मसुद्यापुढे जी भूमिका मांडावी ती या विवेचनातून निघते. मजकूर काढण्याचा आदेश न्यायालयाचा असावा, त्यात कारणे असावीत, तो प्रसिद्ध व्हावा आणि लिहिणाऱ्याला बाजू मांडू द्यावी. संमतीवाचून काढलेल्या चित्राबाबत दोन तासांचा नियम मोडणाऱ्या कंपनीला तिच्या भारतातील उलाढालीच्या प्रमाणात दंड व्हावा आणि त्यातला वाटा पीडितेला मिळावा. अल्पवयीन मुलांपुढे मजकूर आपोआप सरकवणारी शिफारस-यंत्रणा बंद ठेवण्याची सक्ती कंपन्यांवर असावी. दीड वर्षाची मुदत रद्द व्हावी. ‘असभ्य’, ‘आक्षेपार्ह’, ‘संस्कृतीला बाधक’ हे शब्द मसुद्यात कोठेही आले, तर ते वगळण्याची मागणी शब्दशः नोंदवावी.

हे सारे दिल्लीतले काम झाले. जिल्ह्यातील तालुका शाखांनी त्याआधी पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे माहितीच्या अधिकारात पाच प्रश्नांचा अर्ज टाकावा: जिल्ह्यातील किती ठाण्यांचे प्रमुख सहायक पोलीस निरीक्षक आहेत, गेल्या तीन वर्षांत ६६ ई, ६७, ६७ अ आणि ६७ ब या कलमांखाली किती गुन्हे नोंदले गेले, त्यांपैकी किती तक्रारी स्त्रियांच्या स्वतःच्या चित्रांविषयी होत्या, किती मोबाईल तपासणीसाठी पाठवले गेले आणि अहवाल यायला किती महिने लागले, आणि कंपन्यांकडे अशी चित्रे काढण्याच्या नियमाखाली पोलिसांच्या मदतीने किती तक्रारी गेल्या. अर्जाला दहा रुपयांचे तिकीट लागते. ६७ कलमाचे आकडे वेगळे मागायला विसरू नये. पीडितेच्या तक्रारींपेक्षा दुखावलेल्या भावनांच्या तक्रारी अधिक निघाल्या, तर केंद्राला पाठवायच्या निवेदनाला तोच तक्ता जोडावा.